वीस वर्षांची प्रेमकथा दोन तासांत: पटकथा कुठे पडते आणि कशी सावरायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लालबागच्या चाळीतले दोन मुलगे, अवि आणि सुहास, एकमेकांच्या प्रेमात. १९९८ साली दोघं सतरा वर्षांचे. तिथून कथा २००९ला जाते आणि मग २०१८ला. पटकथा १६५ पानांची झाली आहे. वाचणारे म्हणतात, मध्यंतरापर्यंत मस्त, पुढे मालिका बघतोय असं वाटतं. बजेट जेमतेम. तिन्ही वयांना एकच नट घ्यावेत की वेगळे, आणि १९९८ची मुंबई कमी पैशांत कशी उभी करावी, हे तुम्ही विचारलंय.

नट आणि मुंबई या दोन्हींवर बोलू. पण वाचणाऱ्यांनी जे सांगितलंय त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. मालिका वाटते कारण तुमचे तीनही काळ आतून एकच आहेत: भेटतात, जवळ येतात, कुणीतरी घाबरतं, तुटतं. कपडे बदलतात, फोन बदलतात, भांडण तेच राहतं. प्रेक्षकाला दुसऱ्या वेळी कळतं की आता काय होणार, आणि तिसऱ्या वेळी तो मोबाइल काढतो.

अशा लांब पल्ल्याच्या कथेत प्रत्येक काळाचा अडथळा वेगळा लागतो, आणि तो त्या काळातूनच आलेला लागतो. मी एका कागदावर तीन रकाने आखून घेतो, प्रत्येक काळाला एक, आणि प्रत्येकात चारच प्रश्नांची उत्तरं लिहितो: या दोघांना एकांत कुठे मिळतो? निरोप कसा पोचतो? कोण थांबलंय आणि कोण निघालंय? आणि हे कुणाकुणाला माहीत आहे? दोन रकान्यांत एकच उत्तर आलं तर तिथे कथा पुढे सरकलेली नाही.

तुमच्याच कथेवर हे लावून बघू. १९९८चा अडथळा जागेचा आहे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं, संडास सामाईक. तुमची चाळ खासगी असली तरी मापं साधारण हीच. अशा ठिकाणी दोन मुलांनी एका गोधडीत झोपणं कुणालाच खटकत नाही, पण दार लावून बसणं लगेच खटकतं. ही उलटी गंमत तुमच्या पहिल्या भागात कुठेच नाही. तुम्ही त्यांना सारखं गच्चीवर पाठवलंय. लालबागमध्ये गणपतीचे दहा दिवस मंडपात रात्रीची राखण पोरांवरच असते. पडद्यामागे सतरंजी, अख्खी गल्ली बाहेर, आणि घरच्यांची आनंदाने परवानगी. यापेक्षा चांगला एकांत चाळीत मिळत नाही.

निरोपाचंही तसंच. तुमच्या पटकथेत १९९८ला अविच्या घरी फोन आहे. तो काढा, आणि शेजारच्या काकूंकडे ठेवा. पी.पी. नंबर. मग सुहासचा प्रत्येक फोन काकूंनी उचललेला, अविला गॅलरीतून हाक मारलेली, आणि अवि चार माणसांसमोर ‘हो’, ‘नाही’, ‘बघतो’ एवढंच बोलू शकणारा. एका दृश्यात प्रेम, भीती आणि चाळ तिन्ही आली, एक रुपया खर्च न होता. सुहास पीसीओतून, म्हणजे पैसे भरून बोलायच्या सार्वजनिक फोनवरून बोलतोय आणि मीटरवर पैसे पडताहेत, हे वेगळं सांगावंही लागणार नाही.

२००९ला एकांताचा प्रश्न उरत नाही. पगार आहे, लॉज आहे, मित्राचा रिकामा फ्लॅट आहे. ऑर्कुट आहे, समलिंगी पुरुषांच्या डेटिंग वेबसाइट आहेत, मोबाइल खिशात आहे. तेव्हाचा अडथळा वयाचा आहे. दोघं अठ्ठावीसचे, घरात स्थळं येताहेत. तुमचा सुहास लग्न करून बसलाय, हे योग्यच. पण त्याच्या बायकोला तुम्ही चारच दृश्यं दिली आहेत आणि चारही वेळा ती ‘जेवायला वाढू का’ विचारते. तिला अडथळा म्हणून वापरलंत तर मधला भाग कधीच उभा राहणार नाही. तिला काय आणि कधी कळतं, हे त्या भागाचं मुख्य कथानक होऊ शकतं. माझ्या मते व्हायलाच हवं.

२०१८ला बाहेरचं कारण जवळजवळ संपतं. आई-वडील थकलेत, चाळ पडलीय, कायदा बदललाय. आता नाही म्हणायचं असेल तर ते स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं. हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात श्रीमंत भाग, आणि तुम्ही त्याला बावीस पानं दिली आहेत, त्यातही गाण्याचं माँटाज, म्हणजे गाण्यावर तुकड्या-तुकड्यांत उरकलेली दृश्यं.

चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो बहुतेक जण सोडून देतात. कुणाला माहीत आहे याची यादी काळागणिक वाढली पाहिजे आणि ती कधीही मागे जाता कामा नये. १९९८ला फक्त आजीला अंदाज आहे. २००९ला बहीण, एक सहकारी, आणि भागाच्या शेवटी बायको. २०१८ला सगळ्या चाळीला माहीत आहे आणि कुणीही तोंडाने बोललेलं नाही. वर्षं लोटल्याचा खरा परिणाम यातून येतो. ‘नऊ वर्षांनंतर’ अशी पाटी टाकून येत नाही. सुरुवातीला अविकडे नुसतं रोखून बघणारे तळमजल्याचे काका तिसऱ्या भागात दोघांना एकाच ताटात प्रसाद देतात, एवढं पुरतं.

आता कायद्याबद्दल, कारण तुमच्या मसुद्यात इथे दोन ठिकाणी गडबड आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचा कलम ३७७वरचा, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमावरचा निकाल २ जुलै २००९चा. सर्वोच्च न्यायालयाने तो ११ डिसेंबर २०१३ला फिरवला. मग ६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. तुमच्या पटकथेत २०१३ नाहीच. त्या वर्षाचं दृश्य लिहा असं मी म्हणत नाही. पण विचार करा: अविने २००९च्या निकालानंतर ऑफिसात सांगून टाकलं. चार वर्षांनी कायदा मागे गेला, सांगितलेलं मात्र मागे घेता येत नाही. हे पडद्यावर न दाखवताही २०१८च्या अविच्या वागण्यात दिसलं पाहिजे. तो सुहासपेक्षा सावध का, याचं उत्तर तुमच्याकडे आयतंच आहे.

दुसरी गडबड शेवटी. ‘आता आपण लग्न करू शकतो’ हा संवाद २०१८चा आहे, आणि तो चूक आहे. २०१८च्या निकालाने लग्नाचा हक्क दिला नाही. तो प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ ऑक्टोबर २०२३ला न्यायालयाने तो हक्क मान्य करायला नकार दिला. म्हणजे तुमच्या शेवटच्या दृश्यात दोघं मोकळे आहेत, पण हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न उरतोच. तो फॉर्म त्या संवादापेक्षा जास्त काम करेल.

आणि कृपा करून टीव्हीवर निकालाची बातमी आणि डोळ्यांत पाणी, हे दृश्य काढा. ते सगळ्यांनी लिहून झालंय. त्यापेक्षा पंचांग बघा. २०१८चा निकाल गुरुवारी लागला आणि गणेश चतुर्थी त्याच्या बरोबर पुढच्या गुरुवारी, १३ सप्टेंबरला होती. निकालाच्या आठवड्यात लालबाग कसं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. २००९ची चतुर्थी २३ ऑगस्टची, तेव्हा मुंबईत स्वाइन फ्लूची घबराट होती आणि रुमाल-मास्क बांधलेली माणसं दर्शनाला उभी. तीनही भाग गणेशोत्सवात बसवलेत तर साल सांगायला पाट्या लागणार नाहीत. आवाजसुद्धा साल सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे. १९९८च्या मंडपात रात्री दोनला लाउडस्पीकर चालू असलेला खपतो. २०१८ला तो दहाला बंद होतो, ठरावीक दिवशी बाराला. तेच दोघं, तोच मंडप, पण या वेळी शांतता.

लांबीचं गणित सोपं आहे. एक पान म्हणजे ढोबळमानाने एक मिनिट. १६५ पानं म्हणजे पावणेतीन तास, आणि गाणी वेगळी. ११०वर आणा: पहिला भाग ४०, मधला ३५, शेवटचा ३५. पहिल्याला थोडी जास्त पानं, कारण पुढची प्रत्येक आठवण तिथूनच उसनी घ्यायची आहे. कापताना काळांमधले दुवे आधी कापा. सुहासला नोकरी कशी लागली, अवि पुण्याला का गेला, चाळीचा करार कसा झाला, हे सगळं जाऊ द्या. अकरा वर्षांच्या उडीनंतर प्रेक्षकाला पहिली दोन-तीन मिनिटं थोडं गोंधळू द्यावं. तो स्वतः जोडतो आणि जोडलेलं विसरत नाही. ताणायची गोष्ट एकच, उडीनंतरची पहिली भेट. ती तुम्ही एका पानात उरकली आहे. तिला सहा-सात पानं द्या, आणि पहिल्या तीन पानांत दोघांना मुद्द्याचं काही बोलू देऊ नका.

आता नट. तीन पर्याय आहेत आणि कोणता बरोबर हे थोडं तुमच्या नटांवर अवलंबून आहे. ‘मूनलाइट’ या चित्रपटात एका पात्रासाठी तीन वेगळे नट होते आणि दिग्दर्शकाने चित्रीकरणादरम्यान त्यांना एकमेकांना भेटू दिलं नव्हतं. तिथे ते चाललं, कारण माणूस स्वतःपासूनच तुटत जातो अशी ती कथा आहे. तुमच्या कथेत माणसं तीच राहतात आणि परिस्थिती बदलते, म्हणून मी दोन जोड्या घेईन: सतरासाठी एक, अठ्ठावीस आणि सदतीससाठी दुसरी. तिशीच्या आतबाहेरचा नट दोन्हीकडे जातो, प्रॉस्थेटिक, म्हणजे चेहऱ्यावर चिकटवायची कृत्रिम त्वचा लागत नाही. केस, दाढी, चष्मा, चार-पाच किलो वजन आणि बसण्याची पद्धत एवढ्यावर भागतं. पस्तिशीच्या माणसाला सतरा करायला जाऊ नका. चेहरा गुळगुळीत करता येतो, मान आणि मनगटं करता येत नाहीत.

दोन जोड्या जुळवताना नाक-डोळे जुळवण्यात वेळ घालवू नका. उंची, कानांची ठेवण आणि आवाजाचा पोत बघा, बाकी सवयीने जुळतं. दोन्ही जोड्यांना चार-पाच दिवस एकत्र बसवा आणि प्रत्येक पात्राला दोनच शारीरिक सवयी ठरवून द्या. अवि बोलण्याआधी अंगठ्याने तर्जनी चोळतो, सुहास समोरच्याच्या डाव्या बाजूला उभा राहतो. दोनपेक्षा जास्त दिल्यात तर नक्कल वाटते. सवय पहिल्या भागात किमान तीनदा दिसू द्या, त्यातली एकदा जवळून. मग २००९ला नवा चेहरा ती करतो आणि प्रेक्षक त्याला स्वीकारतो.

एका बाबतीत मात्र परिस्थितीवर अवलंबून वगैरे काही नाही. सतराच्या भूमिकेतली मुलं खरोखर अठरा पूर्ण झालेलीच घ्या, वयाचा पुरावा फाइलमध्ये ठेवा, आणि १९९८च्या भागात शारीरिक जवळीक हात, खांदा, कपाळ याच्या पुढे नेऊ नका. नट सज्ञान असला तरी पात्र अल्पवयीन आहे. पॉक्सो या बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याची व्याख्या अल्पवयीन वाटणाऱ्या चित्रणालाही कवेत घेते, आणि तसंही त्या भागाला जास्तीची गरज नाही. पुढच्या भागांतल्या जवळिकीच्या दृश्यांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर घ्या, म्हणजे अशी दृश्यं नटांच्या संमतीने बसवून देणारा माणूस. परवडत नसेल तरी दृश्याची हालचाल आधी लिहून काढा, दोन्ही नटांची लेखी संमती घ्या, सेटवर कमीत कमी माणसं ठेवा आणि मॉनिटर झाका. चाळीतली लहान मुलं, म्हणजे चौदाच्या आतले बालकलाकार घेणार असाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि त्यांच्या मानधनातले किमान २० टक्के त्यांच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. हे बजेटमध्ये आधीच धरा.

जुनी मुंबई. रस्त्यावर कॅमेरा नेऊ नका, एवढंच म्हणून थांबलो तरी चालेल. लालबागचा उड्डाणपूल २०११चा. त्याआधीचा डॉ. आंबेडकर रोड तुम्हाला मिळणारच नाही, आणि कॉम्प्युटरवर पूल पुसण्याचे पैसे तुमच्याकडे नाहीत. कॅमेरा गॅलरीतून चौकाकडे लावा. तिथेही चार गोष्टी हटवाव्या लागतील: डीटीएचच्या छत्र्या, एसीचे बाहेरचे डबे, सीसीटीव्ही आणि फ्लेक्स. मंडळाचा बॅनर १९९८ला रंगवलेला कापडी हवा. टॅक्सी प्रीमियर पद्मिनी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ला निवृत्त झाली, त्यामुळे आता ती भाड्यानेच आणावी लागते. एक आणा आणि ती उभीच ठेवा.

लोकलचं दृश्य लिहिलंय ते मी पादचारी पुलावर नेईन. पिवळ्या-तपकिरी जुन्या गाड्या आता धावत नाहीत, आणि रेल्वेची परवानगी, अनामत, शुल्क हे सगळं धरून दोन मिनिटांच्या दृश्याला तुमचा एका दिवसाचा खर्च सहज जाईल. गाडीतच हवं असेल तर खिडकीचा गज, लाकडी बाक आणि एक पत्र्याची भिंत एवढं बांधा आणि बाहेरून दिवे फिरवा. स्टेशनांच्या नावांवर लक्ष ठेवा. १९९८ आणि २००९ला एल्फिन्स्टन रोड, प्रभादेवी हे नाव २०१८च्या जुलैपासून. तुमच्या २००९च्या दृश्यात ‘प्रभादेवी स्टेशनला उतर’ असं आहे.

प्रकाश हा सगळ्यात स्वस्त काळदर्शक आहे, आणि छायालेखकाशी पहिल्या बैठकीतच यावर बोला. १९९८चा रस्ता सोडियम दिव्यांचा, म्हणजे दोन हजार केल्विनच्या आसपासचा नारिंगी. खोलीत चाळीस वॅटचा पिवळा बल्ब किंवा किंचित हिरवट ट्यूबलाइट. २०१८ला खोलीत साडेसहा हजार केल्विनचा पांढराफटक एलईडी. रंग पोस्टमध्ये बदलू म्हणू नका. अंगावरच्या सावल्या बल्बच्या असतात, त्या नंतर बदलत नाहीत. शेवटच्या भागात एकदाच, कुठेतरी, जुना पिवळा बल्ब लागू द्या. कुठे ते तुम्ही ठरवा.

घरातल्या वस्तूंबाबत कला विभाग हमखास एक चूक करतो: १९९८च्या खोलीत सगळं १९९८चं आणतो. गिरणी सुटलेल्या माणसाच्या घरात नवीन काय असणार? कपाट लग्नातलं, मांडणी त्याआधीची, टीव्ही हप्त्यावर घेतलेला, अविच्या अंगात थोरल्या भावाचा शर्ट. वस्तू सत्तरच्या दशकापासूनच्या हव्यात, आणि त्यातली एखादी २०१८पर्यंत प्रवास करायला हवी. मी फळकूट किंवा डबा निवडेन. प्रेमपत्र नको, फोटो तर मुळीच नको.

सेन्सॉरला घाबरून आत्ताच कात्री लावू नका. २०२४च्या नियमांनंतर ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे आहेत. तुमचा विषय त्यामुळे आपोआप ‘ए’त जात नाही, दृश्यं कशी आहेत त्यावर ठरतं. फक्त ‘ए’ मिळालं तर टीव्हीसाठी वेगळी आवृत्ती प्रमाणित करून घ्यावी लागते, हे निर्मात्याला आधी सांगा. मुंबईतच २०१०पासून ‘कशिश’ हा क्वीअर चित्रपट महोत्सव भरतो, त्यांच्या प्रवेशाच्या तारखा बघून संकलनाचं वेळापत्रक लावा.

राहिलं चित्रीकरणाचं वेळापत्रक, आणि इथे एक पेच येणार आहे. तीन काळांत एकच खोली असेल तर भिंत म्हणते १९९८ आधी करा, कारण चुन्यावर ऑइलपेंट चढतो, ऑइलपेंटवर चुना धरत नाही. दाढी म्हणते २०१८ आधी करा, कारण वाढलेली दाढी एका तासात उतरते आणि उतरलेली यायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून २०१८चं घर चाळीतून बाहेर काढा. नाहीतरी तोवर चाळ पाडलेली आहे, सुहासचं कुटुंब प्रतीक्षानगरच्या ट्रान्झिट कॅम्पातून, म्हणजे तात्पुरत्या घरांतून, टॉवरमध्ये आलेलं असू शकतं. मग तीस दिवसांचं काम असं बसतं: पहिले दहा दिवस धाकटी जोडी चुन्याच्या खोलीत, तोवर थोरली जोडी दाढी वाढवतेय, जी त्यांनी तीन आठवडे आधीच सोडायला हवी. पुढचे नऊ दिवस टॉवरमधला फ्लॅट, २०१८. त्या नऊ दिवसांत इकडे रंगारी खोली ऑइलपेंट करून वास जाऊ देतो. मग दाढी उतरवा, केस कापा, आणि उरलेले अकरा दिवस २००९. लुक टेस्टचे फोटो तिन्ही काळांचे पहिल्या दिवसाआधी काढून ठेवा, कारण दहाव्या दिवसानंतर धाकट्या जोडीचे केस त्यांचे स्वतःचे झालेले असतात आणि पॅचवर्कला, म्हणजे राहिलेले तुकडे टिपायला बोलावलंत तर ते बारीक कापून येतात.